पहिला तोडा

दार आत ओढलं तशी बाहेरच्या कडीला अडकवलेली पिशवी झोका घेऊन आत आली आणि माझ्या गुडघ्याला लागली. एवढंच झालं. दूध घ्यायला म्हणून दार उघडलेलं, केसांना अजून कंगवा लागलेला नव्हता, आत कुकर चढवायचा होता. मी ओरडले नाही. मी भित्री आहे, पण ओरडणाऱ्यातली नाही. भीती वाटली की मी एकदम शहाण्या, कामसू बाईसारखी वागायला लागते. दूध उचललं, नालवाडीतल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना नजर टाकली. समोरच्या छायाताई अंगणात सडा टाकत होत्या. त्या हसल्या. म्हणजे त्यांनी पाहिलं असेल का कोण आलं होतं ते? पाहिलं असेल तर विचारावं का? विचारलं तर त्या म्हणतील, का हो, आज काय विशेष, मग सांगावं लागेल की आज कोर्टात जायचं आहे, मग कशासाठी, कोणाविरुद्ध, आणि मग छायाताईंचा चेहरा कसा होईल ते मला आधीच दिसायला लागलं. मीही हसले आणि दार लावून घेतलं.

पिशवी जुन्या लुगड्याची, हाताने शिवलेली. वर पळसाचं पान, पानाखाली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, मुळांना माती तशीच. त्याखाली वांगी. काटेरी देठाची, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा असलेली, मुठीत मावतील एवढी. बाजारात वांगी ढिगाने मिळतात, पण ही मिळत नाहीत. हे बी आमच्या वावरातलं. आजीच्या माहेराहून आलेलं, आईनं दरवर्षी एक वांगं झाडावरच पिवळं होऊ देऊन राखलेलं, आणि कोणी मागितलं तरी हसून टाळलेलं. देठाचा काटा बोटात गेला तेव्हा मला आईची आठवण यायला हवी होती. आली ती कैलासची, माझ्या भावाची, आणि मी ओट्याची कड धरून उभी राहिले.

आमच्याकडे पहिला तोडा, म्हणजे हंगामात पहिल्यांदा तोडलेली भाजी, विकत नाहीत. भाजीच्या वावरातला पहिला तोडा देवाचा आणि लेकीचा. देवाचा वाटा शेवटी माणसंच खातात, लेकीचा मात्र लेकीला पोचतो, ती कुठेही दिलेली असो. लग्न होऊन मी वर्ध्याला आले तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याच्या अलीकडे एखाद्या सकाळी अशी पिशवी कडीला लागलेली असायची. वर पळसाचं पान, ऊन लागू नये म्हणून. मी फोन करायची, पोचली गं आई, आणि आई म्हणायची, ‘पाठवली कोनाच्या तरी हाती.’ गावाहून रोज कोणी ना कोणी वर्ध्याला येतं, कोणी दवाखान्यात, कोणी कचेरीत, आंजीपर्यंत पायी आणि पुढे बसनं. कोणाच्या तरी हाती. मला ते शब्द फार आवडायचे. एवढं मोठं गाव माझ्यासाठी हात पुढे करून उभं आहे असं वाटायचं. आई गेली त्या वर्षी पिशवी आली नाही. मागच्या वर्षीही नाही. आणि आली ती नेमकी आज, ज्या दिवशी मला माझ्या बापाविरुद्ध आणि भावाविरुद्ध साक्ष द्यायची आहे.

‘काय झालं? काऊन अशी उभी हाय?’ रुपेश मागे येऊन उभा होता. मी पिशवी गॅसच्या टाकीमागे सरकवली होती. कधी सरकवली ते माझं मलाच कळलं नाही. ‘काई नाई,’ मी म्हटलं, ‘चहा ठेवते.’ माझा नवरा वाईट माणूस नाही. तोही घाबरलेला आहे, फक्त तो भीतीला व्यवहार म्हणतो. चहाचा कप हातात घेऊन त्यानं गेले कित्येक दिवस सांगितलेलं पुन्हा एकदा सांगितलं. ‘हे पाय उज्वला, तुले खोटं कोनी बोलाले नाई सांगून राह्यलं. आठवत नाई म्हन. दोन साल झाले, मानसाले नाई आठवत. आठवत नाई म्हनल्यानं कोनी जेलात नाई जात.’ मी म्हटलं, ‘बरं.’ त्याला माझं ‘बरं’ ओळखू येतं. त्यानं कप खाली ठेवला आणि आमच्या लेकीच्या, आचलच्या दप्तराची चेन उगीच लावून पाहिली. ‘अन् तिचा इचार कर,’ तो म्हणाला. जणू मी दुसरा काही विचार करत होते.

कैलासचा फोन आला होता, समन्स आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. दोन वर्षांनी. मी उचलला तर पलीकडे आधी नुसता श्वास, मग मोटार चालू असल्याचा आवाज, वावरातल्या विहिरीवरची, मला तो आवाज कुठेही ओळखू येईल. ‘उज्वला,’ तो म्हणाला, ‘बरी हाय?’ मग थोडं थांबून, ‘आचल कोन्त्या शाळेत हाय आता? थेच का, पुलाजवळची?’ मी हो म्हटलं आणि फोन कट झाला, की त्यानं ठेवला, की माझाच अंगठा लागला. मामानं भाचीची शाळा विचारली. जगातले सगळे मामा विचारतात. पण त्या दिवसापासून मी आचलला ऑटोतून काढून स्वतः सोडायला लागले, शाळेच्या फाटकापाशी गाडी लावून घंटा होईपर्यंत थांबायला लागले, आणि गावाकडच्या नंबरपट्टीची प्रत्येक मोटरसायकल मला वळून पाहायला लावते. वर्ध्यात सगळ्याच गाड्यांवर तीच नंबरपट्टी असते, हे मला कळत नाही असं नाही. एकदा मनात आलं, हा कैलास, ज्यानं मला सायकल शिकवताना मागून धरून ठेवलं आणि सोडलं तेव्हा सांगितलं नाही. त्या वेळी मी किती दूर गेले होते, तो मागे आहे असं समजून. आता तो मागे आहे असं मला सतत वाटतं.

गावाचं नाव मी सांगत नाही, सवयच लागली आहे. आंजीच्या पलीकडे आहे एवढं पुरे. गाव म्हणजे मधे देऊळ, देवळाभोवती आमची घरं, आणि नाल्याच्या पलीकडे बुद्धविहार आणि त्याभोवती वस्ती. दोन वर्षांपूर्वी जयंतीची मिरवणूक देवळासमोरच्या रस्त्यानं गेली. रस्ता सरकारी होता, पण तो तसा कधी कोणाच्या लक्षात आला नव्हता. शब्दानं शब्द वाढला, कोणाचा तरी दगड लाउडस्पीकरला लागला, आणि चार दिवसांनी देवळाच्या पटांगणात सभा बसली. मी आचलला घेऊन माहेरी होते. आईनं कुरडया घातल्या होत्या आणि आम्ही दोघी गच्चीवर कावळे हाकत बसलो होतो. आमची गच्ची पटांगणाला लागून. खाली टोप्या आणि गमछे दिसत होते. कोणी ओरडत नव्हतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. बाबा उठले. माझे बाबा आयुष्यात कोणावर ओरडले नाहीत. बैलाशी बोलतात त्याच आवाजात माणसांशी बोलतात. त्याच आवाजात ते म्हणाले, ‘त्याह्यले भाजी द्याची नाई. माह्या वावरातून एक शेंग जानार नाई.’ मग एकेक जण उठला. चक्कीवाला म्हणाला, दळण नाही. दूधवाला म्हणाला, दूध नाही. ऑटोवाला म्हणाला, शीट नाही. कामाला बोलवायचं नाही. मोडेल त्याला दंड. कैलास बाबांच्या मागे उभा होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यावर मान हलवत होता. हे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, लग्नात कोण काय आणणार ते ठरतं ना, तसं. मी आईकडे पाहिलं. आई कुरडया उलटत होती. ‘खाली जाऊ नको,’ एवढंच ती म्हणाली. त्या पावसाळ्यात आई गेली. त्या दुपारबद्दल आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही.

आता मला विचारतात, तू पोलिसात कशी गेलीस? मी कुठे गेले होते? जी बाई दार वाजलं की आधी फटीतून पाहते ती पोलिसात जाईल? मी वर्ध्यात एका लॅबमध्ये आहे, रक्त काढणं हे माझं काम. आई जाऊन महिना झाला असेल, एका दुपारी खुर्चीवर तानाबाई येऊन बसली. ही तानाबाई म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीतली, आमच्या वावरात मी चालायला शिकले त्याच्याही आधीपासून कामाला असलेली. आईपेक्षा वयानं मोठी. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया मला काकू होत्या, मावशी होत्या, मोठीमाय होत्या. ती मात्र सात वर्षांच्या मला तानाबाई होती, आणि मला कोणी कधी दुरुस्त केलं नाही. दंडाला पट्टा बांधला तर शीर सापडेना. हात निंदणातल्या काडीसारखा झाला होता. मी विचारलं, काय जेवता? ती म्हणाली, ‘चून-भाकर. भाजी कोन देते आमाले?’ चून म्हणजे नुसतं बेसनाचं पिठलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून तिनं सांगितलं. बहिष्काराची तक्रार तिनं पोलिसात दिली होती, आणि तिचा तपास करणारे साहेब तिच्याच कागदांसाठी दाराशी उभे होते. त्यांनी मला सहज विचारलं, तुम्ही त्याच गावच्या ना, तुम्हाला काही ठाऊक आहे का? मी नळीवर तिच्या नावाची चिकटपट्टी लावत होते. चिकटपट्टी वाकडी जाऊ नये म्हणून माझं सगळं लक्ष तिकडे. मी म्हटलं, हो, मी गच्चीवर होते. बोलून गेले आणि मग मला ऐकू आलं की मी काय बोलले. मी धीट म्हणून बोलले नाही, गाफील होते म्हणून बोलले. लोक एकतर मला वाघीण समजतात किंवा घरबुडवी, आणि दोघांनाही मी सांगू शकत नाही की चिकटपट्टीकडे लक्ष होतं म्हणून.

त्यानंतर माहेर संपलं. कोणी भांडलं नाही. राखीला मी पोस्टानं राखी पाठवली, तिचं काही उत्तर आलं नाही. बाजारात गावचे लोक दिसले की ते दुकानाच्या आत जातात, किंवा मी जाते. केस लागली तसा बहिष्कारही हळूहळू संपला म्हणतात. चक्की चालू झाली, ऑटोत शीट मिळते. आता सगळं ठीक आहे, मग कशाला उकरते, असा निरोप एका लग्नात एका दूरच्या मामीनं दिला, माझ्या पाठीवरून हात फिरवत. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतं, कशाला. कोर्टात उभं राहून मी काय मिळवणार आहे? बाबा पंचाहत्तरीचे. त्यांच्या गुडघ्यात पाणी होतं. त्यांना आत टाकलं तर त्यांना खाली बसता येईल का, उठता येईल का, असले प्रश्न मला भांडी घासताना पडतात. आणि त्याच्याच पाठोपाठ तो काडीसारखा दंड दिसतो, न सापडणारी शीर, आणि माझंच बोट ती शोधत असतं. दोन्ही एकदम दिसतात. यातलं एक दिसायचं बंद झालं असतं तर बरं झालं असतं.

आचलला सोडून आले तरी पिशवी टाकीमागे होतीच. मी ती पुन्हा उघडून पाहिली. काय अर्थ असेल हिचा? लेक आहेस, विसरलो नाही, हा एक अर्थ. लेक आहेस, विसरू नकोस, हा दुसरा. तुझ्या दारापर्यंत येऊन गेलो, तू झोपली होतीस, हा तिसरा, आणि तो मनात आला तसं मला ओटाभर पसरलेल्या वांग्यांकडे पाहवेना. एकेक वांगं मी हातात घेऊन फिरवून पाहिलं, देठाशी चीर आहे का, कुठे टोचलेलं आहे का. काय शोधत होते? लिंबू? सुई? शिकलेली बाई मी, रोज सुईशीच माझा संबंध, आणि भावानं पाठवलेल्या वांग्यात मी सुई शोधत होते. सापडली नाही. पण म्हणून ती शिजवायची माझी हिंमत झाली नाही. हे खाल्लं तर मी त्यांचं खाल्लं. मग तोंडातून नाव निघेल का? आणि नाही खाल्लं तर पहिला तोडा परत फिरवला, आमच्यात ते मेल्यासारखं. मी सगळं पुन्हा पिशवीत भरलं, स्कूटीच्या पायाशी ठेवलं, आणि नालवाडीच्या कोपऱ्यावर जिथे गायी उभ्या असतात तिथे जाऊन पिशवी रिकामी केली. एका गाईनं पळसाचं पान हुंगलं, बाजूला सारलं आणि वांग्याला तोंड लावलं. मी पिशवी घडी करून डिकीत टाकली. लुगडं जुनं होतं, पण कापड चांगलं होतं, टाकवलं नाही.

कोर्टाच्या गॅलरीत दोन्ही भिंतींना बाकं आहेत. एका बाजूला आमचं गाव बसलं होतं. बाबा टोकाला, काठी दोन गुडघ्यांमध्ये, टोपी स्वच्छ धुतलेली. त्यांनी मला पाहिलं आणि नजर फरशीवर नेली. मी इतकी घाबरले होते की पाया पडायला वाकणार होते, सवयीनं. अर्धवट वाकून मी चप्पल सारखी केल्याचं नाटक केलं. समोरच्या बाकावर तानाबाई एकटीच होती. तिचा मुलगा खाली चहाला गेला असावा. सरकारी वकील बाई घाईघाईनं येऊन सांगून गेल्या, जेवढं ऐकलं तेवढंच सांगायचं, घाबरायचं नाही. घाबरायचं नाही हे वाक्य मला लहानपणापासून लोक सांगत आले आहेत, आणि ते ऐकलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो. मी कुठल्या बाकावर बसावं ते मला कळेना, म्हणून मी खिडकीपाशी उभी राहिले.

कैलास उठून आला. जवळून तो म्हातारा दिसला, कानाजवळचे केस पांढरे. ‘खाल्लं का काई?’ त्यानं विचारलं. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, पण भीतीनंच मला बोलतं केलं. ‘पिशवी तू आनली काय?’ ‘कोन्ती पिशवी?’ तो म्हणाला. ‘वांग्याची.’ ‘वांगे कुठं हाय यंदा आपल्याकडं,’ तो म्हणाला. ‘माय गेली तसं थे बी गेलं. कोनं ठेवलंच नाई. आता सारं सोयाबीन.’ तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना कैलास डाव्या हातानं मान खाजवतो, आणि त्याचे दोन्ही हात खाली होते. मग तो हळूच म्हणाला, ‘बाबाचे गुडघे पाह्यले? पाय, तुले काय सांगाचं थे सांग. पन मंग गावात तुह्यासाठी दार उघडनारा मी एकलाच हाय, अन् मी बी नाई उघडनार. भेव दाखवून नाई राह्यलो. तसंच होईन, म्हनून सांगून राह्यलो.’ तो परत जाऊन बाबांशेजारी बसला. त्यानं मला घाबरवलं नव्हतं, त्यानं खरं तेच सांगितलं होतं.

मग पिशवी कोणाची? तेवढ्यात तानाबाईनं हाताने मला बोलावलं. मी गेले. गॅलरीभर नजरा होत्या, तरी गेले, कारण उभं राहणं मला जमत नव्हतं. मी तिच्या बाकावर बसले. ती समोर पाहतच, ओठ फारसे न हलवता बोलली. ‘वांगे भेटले? किडके तं नाई निंघाले?’ मी तिच्याकडे वळले. ती म्हणाली, ‘बी तुह्या मायचंच हाय. त्या पावसायात मी नाल्याकाठी चिल्लर जागा खोदून राह्यली होती, भाजी कोनी देत नोयतं त म्हनलं आपनच लावू. तं तुही माय आली, भल्या सकायी, वावराच्या धुऱ्यावरून. पदरात रोपं. खाली ठेवले अन् गेली. बोलली नाई काई. मंग आठच दिसात गेली थे. पयल्या साली म्या बी धरलं. मांगच्या साली कोनं तरी सारे उपटून फेकले. यंदा टिकले.’ तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘पयला तोडा लेकीले जाते, थे म्हने. अन् आनत तं मीच होती दर साली. म्हनलं, माय नाई तं काय झालं, रस्ता तं मले माईत हाय.’

आनत तं मीच होती दर साली. कोणाच्या तरी हाती. मला एकदम सगळ्या सकाळी दिसल्या, लग्नानंतरच्या सगळ्या, दार उघडलं की कडीला लागलेली पिशवी आणि रिकामी गल्ली. तिनं कधी कडी वाजवली नव्हती. आंजीपर्यंत पायी, पुढे बस, बसथांब्यापासून नालवाडी, आणि पिशवी लावून परत, पाणीसुद्धा न पिता. दार वाजवलं तर आत बोलवायचं की नाही हा प्रश्न माझ्यावर येईल, आणि तो येऊ नये म्हणून ती निघून जात असेल. मला लाज वाटली, फार वाटली, पण लाजेच्या खाली भीती होतीच, आणि तिनं आता नवं रूप घेतलं. आता ही म्हणेल, एवढं केलं, आता तू बोल. मी वाट पाहत राहिले. ती माझ्या हाताकडे पाहत होती. माझा हात बाकावरचा रंग नखानं खरवडत होता, आणि तिनं तिचा हात त्याच्या शेजारी ठेवला, वर नाही, शेजारी. ‘भेव वाटून राह्यलं काय?’ मी मान हलवली. ‘तं नको बोलू,’ ती म्हणाली. ‘म्या वांगे त्याच्यासाठी नाई आनले. माह्या पोराले सांगतो मी, तिले आठवत नाई म्हनून. तुले पोरगी हाय.’ मग म्हणाली, ‘अन् रोपाचं तिथं सांगजो नको. तुह्या बापाले माईत नाई थे. गेलेल्या बाईले कायले बोल लावाचा.’

‘वांगी चांगली होती, मावशी,’ मी म्हटलं. तो शब्द माझ्या तोंडाला नवा होता, जीभ अडखळली. ‘संध्याकाळी करते.’ वांगी गाईच्या पोटात होती. हे मी तिला सांगू शकले नाही, कधी सांगू शकेन असं वाटत नाही. तेवढ्यात शिपायानं माझं नाव पुकारलं. एकदा, दोनदा. माझंच नाव, आणि मला वाटलं, दुसरी कोणी उज्वला उठेल तर किती बरं होईल. रुपेशचं वाक्य माझ्याजवळ तयार होतं, आठवत नाही, चार अक्षरांचं आणि दोन अक्षरांचं, तोंडात गोळीसारखं धरून मी आत गेले. आता तर कोणी माझ्यावर रागावणारही नव्हतं. जिच्यासाठी बोलायचं तिनंच मला सोडून दिलं होतं. आणि त्यानंच माझं पळणं अवघड झालं. दोन वर्षं मी वाट पाहत होते की कोणीतरी मला म्हणावं, राहू दे, आणि म्हटलं ते भाजीशिवाय काडी झालेल्या त्या बाईनं.

पिंजऱ्याची लाकडी कड बोटांना गुळगुळीत लागली. किती जणांनी ती अशीच घट्ट धरली असेल. शपथ घेताना माझा आवाज इतका बारीक निघाला की न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. मागे बाकांचा आवाज आला, आमचं गाव आत येऊन बसत होतं, आणि काठी फरशीवर टेकल्याचा आवाज मी न वळता ओळखला. पंखा फिरत होता. पुलाजवळच्या शाळेची मधली सुट्टी झाली असेल, आचल डबा उघडून बसली असेल, फाटक उघडं असेल. वकील बाईंनी विचारलं, ‘तक्रारदार तानाबाई, यांना तुम्ही ओळखता?’ ‘हो.’ ‘कधीपासून?’ सोपा प्रश्न होता, लहानपणापासून असं उत्तर द्यायचं, बाईंनी कालच सांगितलं होतं. माझ्या तोंडून निघालं, ‘आजपासून.’ बाई गोंधळल्या. न्यायाधीश म्हणाले, ‘नीट सांगा.’ मी म्हटलं, ‘त्या आमच्या वावरात कामाला होत्या. लहानपणापासून पाहते.’ टंकलेखकाची बोटं चालली.

मग बाईंनी गच्चीचं विचारलं, कुरडयांचं विचारलं, पटांगण किती अंतरावर ते विचारलं. मी उत्तरं देत गेले आणि प्रत्येक उत्तरानं पुढचा प्रश्न जवळ येत गेला. त्या गोळीला तोंडात चव राहिली नव्हती. ‘त्या सभेत सगळ्यांत आधी कोण बोललं?’ आठवत नाही म्हटलं असतं तर मी संध्याकाळी घरी गेले असते, रुपेशनं चहा केला असता, पुढच्या राखीला कदाचित फोन आला असता. आणि पुढच्या दसऱ्याच्या अलीकडे कडीला पिशवी लागलेली असती, ती तर लागलीच असती, मी काहीही बोलले असते तरी. ‘माझे वडील,’ मी म्हटलं.

‘नाव सांगा.’

घरात आम्ही बाबांचं नाव कधी घेत नव्हतो. आईनं तर उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. मी वळून पाहिलं. बाबा माझ्याकडे पाहत होते, टोपी हातात घेऊन, आणि त्यांचा चेहरा वाट पाहणाऱ्या माणसाचा होता.

‘चंद्रभान,’ मी म्हटलं. टंकलेखकाला ऐकू आलं नाही. त्यानं मान वर केली, बोटं तशीच अधांतरी धरून थांबला, आणि मला ते पुन्हा, जरा मोठ्यानं सांगावं लागलं.